पाइपाला बांधलेली तार

बसा असे दिव्याजवळ. मला भरभर बोलता येत नाही आणि शाळाही चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे सांगणं जरा हळूहळू होईल. पण घडलं तसंच सांगतो.

काम साधं होतं. एका घरातल्या सुनेने निरोप पाठवला होता, "काका, मागच्या खोलीची लाइट सारखी जाते, बघून जा." ढगाळ दुपार होती. पिशवीत टेस्टर आणि पक्कड टाकली आणि निघालो.

घरात पाय ठेवला तेव्हाच कळलं, की बिघाड तारांपेक्षा माणसांत जास्त आहे. सासू-सुनेत विस्तव जात नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, मधे मटारच्या शेंगांचा ढीग. दोघी एकाच परातीत दाणे टाकत होत्या, पण एकमेकींकडे न बघता. सुनेचे हात कोपरापर्यंत निळे होते. अंगणापलीकडे पत्र्याची एक खोली होती, तिथे ती लोकर रंगवायची.

"काका, लाइट जात नाही, घालवतात," सून म्हणाली. "मी पाणी तापायला लावते. ते तापलं की नळाशी जाते आणि नेमका तेव्हाच अंधार. इथे येऊन बघावं तर फ्यूज काढून फळीवर ठेवलेला. आज आठवा दिवस."

"म्हणजे मी काढते, असंच ना?" सासूबाईंनी एक शेंग फाडकन उघडली. "अहो वायरमन, बोर्ड कुठे आहे बघा. दाराच्या वर. मला नुसतं तिकडे बघायचं तर मान अवघडते, आणि स्टुलावर चढायला गुडघे परवानगी देत नाहीत."

"गुडघे सोयीने दुखतात."

"आणि लाइट सोयीने जाते. कामाचा कंटाळा आला की."

मी मधे पडलो नाही. दोन उघड्या तारांमधे बोट घालायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

सून मला बोर्ड दाखवायला मागच्या दारापर्यंत आली. तिथे हळूच म्हणाली, "काका, कोण काढतं ते आज सांगाच. नाहीतर आम्ही नवराबायको वेगळी खोली बघतोय. मला रोज उठून कुणावर संशय घ्यायला नाही आवडत हो." डोळे भरले होते बिचारीचे. मूळची हसरी मुलगी असणार, गालावरून कळत होतं.

मी फ्यूज बसवून बघितला. चांगला घट्ट बसत होता, आपोआप निसटावा असा नव्हता. दोघींना सांगितलं, "आता इथून कुणी उठायचं नाही. मी खोलीत जाऊन येतो."

"मटार संपले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर सालं सोला," मी म्हणालो. सून हसली आणि लगेच मान खाली घालून शेंगा सोलू लागली.

खोली लहान. एकच खिडकी, तीही वर. ओल्या लोकरीचा उबट वास, व्हिनेगरचा आंबट वास. दोरीवर निळ्या लडी टांगलेल्या, त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. टप्... टप्... कोपऱ्यात पाणी तापवायचं पत्र्याचं पिंप, शेजारी जुना लोखंडी नळ. फरशी धुऊन लख्ख ठेवलेली, म्हणून मी चपला बाहेर काढल्या. ती पहिली चूक. पिशवी दाराशीच ठेवली, ती दुसरी. चाळीस वर्षं काम केलेला माणूस असा चुकतो.

हीटरचं बटण दाबलं. पिंप गुणगुणायला लागलं. दिवा स्थिर होता. मी लडी बाजूला सारल्या, हाताला रंग लागला, म्हटलं धुवून टाकू. हात पुढे केला. नळ वीतभर राहिला असेल...

आणि दिवा गेला.

गुणगुण थांबली. लडीसुद्धा ठिबकायच्या थांबल्या असं वाटलं. वरच्या खिडकीतून राखेच्या रंगाचा उजेड येत होता, पण तो खाली फरशीपर्यंत पोचत नव्हता. मग माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी खाकरलं. मोठ्याने नाही. चूक दिसली की जुना कारागीर खाकरतो ना, तसं.

"कोण...?" मी म्हणालो. वाटलं, सासूबाईच आल्या. "वहिनी... तुम्ही आलात का...?"

माझं मनगट कुणीतरी धरलं. शेगडीकडे जाणारा लहान मुलाचा हात धरतात, तितक्याच हळुवारपणे धरलं आणि मागे आणून माझ्या मांडीशी ठेवलं. तो हात गार असता तर बरं झालं असतं. तो कोमट होता.

पाचावर धारण बसली माझी. अनवाणीच अंगण ओलांडलं. स्वयंपाकघरात दोघी जागच्या जागी. परात भरलेली. फ्यूज फळीवर, तारेची बाजू वर करून, नीट ठेवलेला.

"कोण उठलं?"

"कुणी नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"आई हलल्या नाहीत, काका. मी डोळ्यात तेल घालून बसले होते."

"आणि हीसुद्धा नाही हलली," सासूबाई म्हणाल्या. "मीही तेच करत होते."

मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं. सुनेने आपली खुर्ची उचलली आणि सासूबाईंच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

मी चपला घातल्या, फ्यूज परत लावला आणि या वेळी टेस्टर हातात घेऊन गेलो. नळाला टेकवला. टेस्टरचा दिवा भडक लाल पेटला. पिंपाला लावला, तिथेही तसाच.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पिंपातला हीटर चिरला होता, करंट पत्र्यावर उतरत होता. अशा वेळी करंटने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावं. ती तार होती, पण कुणीतरी पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. पूर्वी आम्ही सगळेच असं करायचो. पाइप जमिनीत लांबवर गेलेला असे, वेगळा खड्डा कोण खणणार! मीही कितीतरी घरांत तसंच केलंय. इथे नळाखालची एक फरशी काढून हातभर उकरलं, तर लोखंड संपून प्लास्टिक सुरू झालेलं.

"दोन वर्षांपूर्वी प्लंबरने गंजलेला पाइप बदलला," सून म्हणाली.

त्याने पाण्याचं काम चोख केलं होतं. तारेचं त्याला कोण सांगणार? पण प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. जी तार जीव वाचवायला बांधली, तीच आता पिंपातला करंट आणून नळावर सोडत होती. आणि ही पोर ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तो नळ धरायला जायची. आठ दिवस.

हे सांगितलं तेव्हा सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"ती तार ह्यांनी बांधलेली," त्या म्हणाल्या. "दोन रविवार खपले होते. मला म्हणाले, आता शंभर वर्षं बघायला नको." मग नळाकडे बघत म्हणाल्या, "जाऊन तीन वर्षं झाली. चूक राहिली की झोप लागत नसे त्यांना."

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून खोलीमागे खड्डा खणला. खणलं मी, सूचना सासूबाईंच्या. अर्थिंगचा लांब रॉड ठोकला, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. सून बादल्या आणत होती.

"आणखी मीठ घाला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आमटी नाही ती."

"तुझ्या आमटीत घालत नाहीस, निदान इथे तरी घाल."

खोलीची तार या रॉडला जोडली, हीटर नवा बसवला. घरातल्या बोर्डावर गळती पकडणारा स्विच लावला, करंट जरा वाट चुकला की तो पापणी लवायच्या आत सगळं बंद करतो. मग सुनेने माझ्यासमोर नळ सोडला, निळे हात धुतले. दिवा जळतच राहिला. सासूबाईंनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हटलं, "झालं हो. आता पडा निवांत." कुणी हसलं नाही. वेगळ्या खोलीचं नाव मी पुन्हा ऐकलं नाही.

उन्हाळ्यात ते सगळे महिनाभर परगावी गेले. मला सांगून गेले, "काका, खड्ड्याची माती सुकू देऊ नका. आठवड्याला एक बादली पाणी घाला." कोरडी माती करंट नीट घेत नाही, म्हणून.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रणरणती दुपार होती. फाटकाला कुलूप, खोलीला कुलूप. आणि खड्डा ओला. नुसता ओला नाही, पाणी अजून मुरत होतं, बुडबुडे येत होते.

खड्ड्यापासून थेंबांची एक रेघ गेली होती, हातात बादली हिंदकळत नेली की पडते तशी. त्या उन्हात थेंब क्षणभर टिकायचे नाहीत, पण हे ताजे होते. रेघ कुंपणापर्यंत गेली आणि पलीकडे तशीच पुढे. पलीकडचं घर बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या घराच्या मागच्या न्हाणीघराचं वायरिंग माझ्या हातचं. तिथली तारही मीच पाइपाला बांधली होती. आणि त्यांच्या फाटकाशी नुकत्याच काढलेल्या जुन्या पाइपांचे गंजके तुकडे रचून ठेवले होते.

मी धावत वळसा घालून गेलो आणि दार ठोठावलं. एका तरुण बाईने उघडलं. खांद्यावर टॉवेल, अंघोळीला निघालेली.

"नळाला हात लावला नाहीत ना?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही हो, लावू कुठे दिला?" ती हसून म्हणाली. "आजोबांनी दारातच अडवलं. म्हणाले, वायरमन येतोय, तोवर थांब."

"कुठले आजोबा...? कुठे गेले...?"

"गेले कुठे? आत न्हाणीघरात बसलेत की," ती बाजूला झाली. "या ना. तुमचीच वाट बघतायत."