दोनदा नवा झालेला पाइप

चढ अर्धा झाला आणि आत्याची जुनी गाडी पुन्हा तापली. काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि आत्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. मागच्या सीटवरची तिन्ही मुलं खाली उतरली. सुट्टीला आल्यापासून त्यांना याची सवयच झाली होती.

तिघांत मोठी ताई. तिचा धाकटा भाऊ किडा. दिसेल ती वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. तिसरा त्यांच्याबरोबर आलेला शेजारचा भोंगा, ज्याचं कुजबुजणंसुद्धा दोन घरं सोडून ऐकू जाई.

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. टेकडीपलीकडच्या गावांतल्या शिंप्यांकडे ती स्वतः जायची, कारण मशीन डोक्यावर घेऊन तिच्याकडे कोण येणार? हत्यारांची जड पेटी न्यायला गाडी हवीच.

"उद्या सकाळी भंगारवाला गाडी घेऊन जाईल," ती वाफेकडे बघत म्हणाली. "शहरातल्या कारखान्याने ऑफिसात नोकरी देऊ केली आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आता हो म्हणते, दुसरं काय!"

खुर्चीत बसून कागदांवर शिक्के मारणारी आत्या मुलांना डोळ्यांसमोर आणताच येईना.

इंजिन पुरतं गार झाल्यावर आत्याने पाणी भरलं आणि गाडी उतारावरून हळूहळू घरी आणली. आत्याचे यजमान, म्हणजे मुलांचे काका, अंगणात वाटच बघत होते. रेडिएटरचं टोपण नवं, थर्मोस्टॅट नवा, वरचा रबरी पाइप नवा, असं त्यांनी पुन्हा ऐकवलं. एवढं करून तापते म्हणजे इंजिनच संपलं. आत्यानेही मान डोलावली, सगळं नवंच तर आहे. या एका बाबतीत नवराबायकोचं अगदी एकमत होतं, आणि घोळ नेमका तिथेच होता.

दुपारी इंजिन हात लावण्याइतकं थंड झालं तेव्हा किड्याने बॉनेट उघडलं. वरचा रबरी पाइप तोंडाशी फुगला होता. दाबला तर कडक लागला, आणि किंचित वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसल्या. नव्या पाइपाला भेगा कशा पडतील?

ताईने वाकून बघितलं. पाइप जागेवर घट्ट धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपेशेजारीच रबरात आणखी एक खोल वळ होता. म्हणजे पूर्वी कधीतरी क्लिप तिथेही आवळलेली होती. पाइप एकदाच बसवला असेल, तर वळ दोन कसे?

"नवा पाइप चोरून कुणी जुना लावला असेल," भोंगा कुजबुजला. पलीकडच्या घराची खिडकी उघडली.

"चोर कशाला जुना लावत बसेल, वेड्या?" ताई म्हणाली. मग तिने आत्या आणि काका दोघांनाही गाडीपाशी बोलावून आणलं.

"हा पाइप कुणी बसवला?"

"मी," दोघंही एकदम म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मोठ्या माणसांना प्रश्न विचारताना एक अडचण असते. त्यांना उत्तर माहीत असल्याची खात्री असते. ताईने चिकाटीने एकेक गोष्ट विचारून घेतली. थंडीत वरचा पाइप, टोपण आणि थर्मोस्टॅट काकांनी बदलला होता. त्यांना काहीही टाकवत नसे. निघालेले जुने भाग त्यांनी साबणाने धुतले, तेलाचा हात देऊन चकचकीत केले आणि अडीअडचणीला असावेत म्हणून नव्या भागांच्या खोक्यांत घालून फळीवर ठेवले. पुढे उन्हाळ्यात एकदा पाणी बघायचं राहून गेलं आणि गाडी तापली. आत्याला वाटलं, भाग झिजले असतील. फळीवर तर नवी खोकी तयारच होती. काका बाहेरगावी गेले असताना तिने खोक्यातले चकचकीत भाग बसवले, आणि गाडीतून निघालेले मळके भाग भंगाराच्या पोत्यात टाकले.

"म्हणजे तू माझे नवे काढून माझेच जुने बसवलेस?" काकांचा आवाज चिरकला.

"जुने होते तर नव्या खोक्यात कशाला ठेवलेत? तेही धुऊन पुसून!"

भांडण रंगात येणार तेवढ्यात किड्याने विचारलं, पोतं कुठे आहे. काकांचा चेहरा पडला. पोतं भंगारवाला सकाळीच घेऊन गेला होता.

पुढच्या क्षणी तिघं सायकलींवर होती. भंगाराच्या वखारीशी पोहोचली तेव्हा ट्रक भरून फाटकाबाहेर पडत होता. ताई हात हलवत राहिली, किडा जीव खाऊन पायडल मारत राहिला, पण चालकाचं लक्षच नव्हतं. तेव्हा भोंग्याने सायकल टाकली आणि छाती भरून श्वास घेतला.

"थांबा!"

ट्रक थांबला. झाडावरचे कावळे उडाले. भंगारवाला घाबरून खाली आला, आणि एका पाइपासाठी एवढा आरडाओरडा चालल्याचं कळल्यावर त्याला हसू आवरेना. त्याने स्वतः पोतं शोधून दिलं. मात्र उद्या सकाळी गाडीसाठी येणार ते येणारच, एवढं त्याने बजावून सांगितलं.

पोत्यातला पाइप मळलेला होता, पण दाबला की मऊपणे दबून परत फुगत होता. त्याच्यावर वळ एकच. टोपणाचं रबरही अखंड होतं. तरी काका मानेनात. दोन्ही थर्मोस्टॅट दिसायला सारखेच, मग यातला चांगला कुठला हे कसं सांगणार?

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची वाट अडवणारी छोटी झडप. इंजिन तापलं की ती उघडली पाहिजे. "मग तापवूनच बघू," ताई म्हणाली. आत्याने गाडीतला काढून दिला. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवून दोन्ही दोरीने आत सोडले, आणि पाचही डोकी पातेल्यावर वाकली. पाणी तापू लागलं. बुडबुडे आले. पोत्यातल्या झडपेने हळूच तोंड उघडलं. गाडीतली, पाणी खदखदायला लागलं तरी, मिटलेलीच राहिली.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. झडप काही उघडली नाही.

मग मात्र कुणी वेळ घालवला नाही. आत्याने थर्मोस्टॅट बसवला, काकांनी पाइप लावून क्लिपा आवळल्या, किड्याने दिवा धरला. इंजिन गार ठेवणारं कूलंट आणि स्वच्छ पाणी भरून, आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, आणि मगच टोपण घट्ट लावलं.

संध्याकाळी गाडी चढाला लागली. या खेपेला काकाही सोबत होते, मांडीवर पाण्याचा कॅन घट्ट धरून. भोंगासुद्धा श्वास रोखून काट्याकडे बघत होता. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. नेहमी थांबायची जागा गेली. शेवटचं वळण गेलं. टेकडीच्या माथ्यावर आत्याने गाडी थांबवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"आम्ही दोघांनी नुसते हात चालवले," काका मुलांना म्हणाले. "डोकं तुम्ही चालवलंत. शाबास!"

आत्याने फोन काढला आणि कारखान्याचा नंबर लावला.

"मी येऊ शकणार नाही," ती म्हणाली. पलीकडून कारण विचारलं असावं, कारण ती मुलांकडे बघून हसली. "मला काम आहे."

मग भंगारवाल्यालाही येऊ नको म्हणून कळवून तिने गाडी पुन्हा सुरू केली आणि पलीकडच्या गावात बंद मशीन घेऊन बसलेल्या शिंप्याकडे निघाली.