राघवेंद्ररावांचा पंख

तुम्ही वर बसलेल्यांनी उमरग्याच्या दोन जिवलग मित्रांना एकमेकांच्या नरडीला लावलं. एकाला चोर केलंत, दुसऱ्याला खोटारडा. तेही चार ओळींच्या पत्रानं. पत्राखाली सही आहे, पण ती माणसाची की शाईत पाय बुडवलेल्या कोंबडीची, हे उमरग्यात कुणाला सांगता आलं नाही. ज्याची असेल त्यानं खुर्ची पुढं ओढावी आणि हे शेवटपर्यंत वाचावं.

१९५९ सालचा फेब्रुवारी. शुक्रवारी सकाळी महालिंगप्पा कल्याणप्पांच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बब्रुवान चहा गाळत होता. महालिंगप्पाच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं.

"कुणी दिली?" कल्याणप्पांनी विचारलं.

"राघवेंद्रानं."

बब्रुवानाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. राघवेंद्रराव आणि महालिंगप्पा, दोघे रस्त्यांच्या ऑफिसातले ट्रेसर. साहेबांनी आखलेले रस्ते आणि पूल शाईनं गिरवायचे, हे काम. अठरा वर्षं एका टेबलाला बसले. आणि राघवेंद्ररावांनी उभ्या जन्मात झुरळ मारलेलं कुणी बघितलं नव्हतं.

कल्याणप्पा निजामाच्या पोलिसात जमादार होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, नजर राहिली. तेव्हापासून खासगी तपास करत. बब्रुवान आधी हैदराबाद रस्त्यावर ट्रक हाकायचा. गुडघा मोडल्यापासून तो अप्पांच्या मागं हिंडायचा आणि प्रत्येक तपासात पहिल्या तासाला चुकीचा माणूस पकडायचा.

"सोमवारी माझी चौकशी आहे," महालिंगप्पा म्हणाला. "राघवेंद्रानं लेखी दिलंय, की त्याचा विमानाचा आराखडा मी चोरून विकला. साहेब म्हणतो, खरा चोर दाखव, न्हाईतर घरी बस. जमादारसाहेब, नोकरीचं एक राहू द्या. पण त्यानं? त्यानं म्हणावं मला चोर?"

खिशातून रुमाल काढून त्यानं डोळे पुसले. दुधावरच्या सायीसारखा रुमाल. तलम, मऊ, पांढराफेक.

"काय मलमल हाय!" बब्रुवान बोलून गेला. "असला रुमाल तर डाक्टराकडं बी न्हाय."

"ऑफिसची मेहेरबानी," महालिंगप्पा म्हणाला, आणि रडता रडता जरासा हसला.

तो गेल्यावर बब्रुवान पुढं सरकला. "अप्पा, ह्योच चोर. ट्रेसरच्या खिशात असला रुमाल येतोच कसा?"

"तास व्हायचाय अजून, बब्र्या," कल्याणप्पा म्हणाले आणि चपला घालू लागले.

राघवेंद्रराव खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. उंबऱ्याशी त्यांची बायको वनमालाबाई तांदूळ निवडत होत्या. आतल्या खोलीत मुलगी नीला भिंतीकडं तोंड करून निजली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. डिसेंबरात मुलगा झाला. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं ठरलं होतं, अकराव्या दिवशी पोर गेलं.

"विमानाचं वेड कुठून लागलं, राव?" कल्याणप्पांनी विचारलं.

"जळकोटला. त्रेचाळीस साली रस्त्याच्या मापाला गेलो होतो. लष्कराचं लहान विमान शिवारावर आलं. वारा काही फार नव्हता. एक पंख खाली गेला, सावरेना, आणि भोवऱ्यासारखं फिरत पडलं. आतला पोरगा माझ्या हातावर गेला. वीस-बावीसचा असेल. मी वर बघितलं तर घार फिरत होती. तोच वारा, तेच आभाळ. ती का पडत नाही?"

"मग?"

"मग सात वर्षं घारी बघितल्या." राघवेंद्ररावांनी हात आडवा धरला आणि बोटं हलकेच खाली वळवली. बोटांना कोन पाठ होता. "घारीचा पंख टोकाकडं असा जरा पिळलेला असतो. मुळाशी वाऱ्याची पकड सुटली तरी टोक धरून ठेवतं. मी पंख तसा पिळला. टोकाला एक फळी बसवली, झोत आला की आपोआप वळणारी. वेताचा नमुना करून माळवदावरून चाळीस वेळा सोडला. एकदाही गिरकी घेतली नाही त्यानं, कल्याणप्पा. एकदाही नाही."

आराखडा त्यांनी आपल्या रोजच्या कामाच्या कापडावर काढला होता. ट्रेसिंगचं कापड, निळसर, खळ देऊन चकचकीत केलेलं. मोजमापं, कोन, तारीख, कोपऱ्यात सहीच्या जागी एक लहानशी घार, सगळं काळ्या शाईनं. प्रत एकच. छपन्न साली गुंडाळी करून रजिस्टरनं वरच्या ऑफिसला गेला. पाठोपाठ अकरा स्मरणपत्रं गेली. उत्तर आलं ते त्या फेब्रुवारीत.

कल्याणप्पांनी पत्र मोठ्यानं वाचलं. आपला आराखडा १२ नोव्हेंबर रोजी आपल्या कार्यालयामार्फत परत केला आहे. अशाच पंखासाठी दुसऱ्या गृहस्थांचा अर्ज आला आहे. हक्क शाबीत करावयाचा असल्यास मूळ आराखडा महिनाअखेर हजर करावा. खाली ती सही, आणि जांभळा गोल शिक्का.

"नवा काढून द्या की," बब्रुवान म्हणाला.

"काढीन. पण त्यावर आजची तारीख पडेल ना बाबा! ज्याचा आधीचा, त्याचं नाव. आणि ऑफिसचं टपाल महालिंगप्पा घेतो. त्यानं नाही घेतलं तर गेलं कुठं? घारीनं उचललं?"

वनमालाबाईंच्या सुपातले तांदूळ सांडले. त्या एकेक दाणा वेचू लागल्या.

निघताना कल्याणप्पा आतल्या दाराशी थबकले. नीलाच्या उशाशी बाळाचं एक टोपडं होतं. तलम, पांढरं. कडेला जांभळा डाग.

"हा डाग कसला, वहिनी?"

"जांभळाचा." वनमालाबाईंनी मान वर केली नाही. "पोरीच्या हाताचा लागला असेल, बाळाला घालताना."

रस्त्यात बब्रुवान कुरकुरला, "अप्पा, बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचं काय काम हुतं?"

कल्याणप्पा ऑफिसच्या वाटेला लागले.

रस्त्यांच्या ऑफिसात दगडोबा चपराशी स्टुलावर बसून लाकडी पट्टीनं पाठ खाजवत होता.

"नोव्हेंबरात वरून राघवेंद्ररावांच्या नावानं काय आलं?"

"काय सुदिक न्हाय. ह्ये बघा रजिस्टर."

खरंच नव्हतं. पण १८ नोव्हेंबरच्या ओळीवर कल्याणप्पांचं बोट थांबलं. रद्द नकाशे, एक गठ्ठा.

"हे काय?"

"वरून येत्यात अधनंमधनं. आपले रद्द झालेले बी त्यातच बांधायचे. मग दोघं ट्रेसर निम्मं निम्मं घरी नेत्यात, सालाबादपरमानं. औंदा महालिंगप्पानं आपला वाटा राघवेंद्ररावांना सोडला. म्हनला, घेऊन जा, तुला लागंल."

"चूल पेटवायला?" बब्रुवानानं विचारलं.

"चुलीत घालतंय व्हय कुणी!" दगडोबा हसला. "येडं हाय ह्ये, जमादारसाहेब."

"न्यायच्या आधी कुणी उघडून बघतं का?"

"रद्द झालेलं कोन बघतंय?"

"तुमचा रद्दचा शिक्का मार बघू कागदावर."

दगडोबानं दणकन शिक्का मारला. लालभडक.

"दुसऱ्या रंगाची शाई?"

"पंधरा वर्सं ह्यो दगडोबा शिक्का मारतोय. लालच."

बाहेर आल्यावर बब्रुवान कुजबुजला, "अप्पा, चपराशीच. लई गोड बोलतंय."

कल्याणप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हैदराबादकडं जाणारा एक ट्रक धुरळा उडवत गेला. 

"बब्र्या, चोर असता तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले. "चोराला बेड्या घालता येतात."

रविवारी दुपारी राघवेंद्ररावांच्या घरी सगळे जमले. दगडोबा दाराबाहेर. महालिंगप्पा उंबऱ्याच्या आत येईना, कल्याणप्पांनी हाताला धरून आणला. राघवेंद्ररावांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"महालिंगप्पा, रुमाल काढा. हा कशाचा?"

"ट्रेसिंगच्या कापडाचा. रद्द झालेलं घरी न्यायचं, गरम पाण्यात भिजत घालायचं. खळ जाते, खळीबरोबर शाई जाते. खाली असलं तलम सूत उरतं. सगळ्या ट्रेसरांच्या घरी हेच रुमाल, हीच बाळाची..." महालिंगप्पा थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हीच बाळाची झबली," कल्याणप्पांनी वाक्य पुरं केलं. "आराखडा चोरला कुणीच नाही. वरच्या ऑफिसनं तो परत पाठवला, हे खरं आहे. पण राघवेंद्ररावांच्या नावानं नाही. सोबत चिठोरं नाही. रद्दचा शिक्का मारला आणि रद्द नकाशांत बांधून दिला. दगडोबानं गठ्ठा म्हणून चढवला. महालिंगप्पानं मित्राला नातवंड होणार म्हणून आपला वाटा सोडला. आणि तो गठ्ठा न उघडता या घरात आणला..."

कल्याणप्पांनी राघवेंद्ररावांकडं बघितलं. 

"मी आणला," राघवेंद्रराव म्हणाले.

"काळी शाई खळीवर बसते म्हणून धुतली जाते. शिक्क्याची शाई सुतात उतरते, ती राहते. तुमच्या ऑफिसचा शिक्का लाल. जांभळा वरच्यांचा, पत्रावर आहे तोच. आणि नीलाबाईच्या उशाशी टोपडं आहे, त्यावरचा डाग जांभळा. वहिनी, तुम्ही म्हणालात जांभळाचा. पोर डिसेंबरात जन्मलं आणि डिसेंबरातच गेलं. तेव्हा जांभळाच्या झाडाला मोहोरसुद्धा नसतो."

वनमालाबाई भिंत धरून उभ्या होत्या.

"भिजत घातलं तेव्हा मी बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "रस्ता कुठला, पूल कुठला, आम्ही कधी बघत होतो? पाणी काळं झालं तेव्हा कोपऱ्यात घार दिसली. मी ओढून काढेस्तोवर ती पण गेली. मला वाटलं, एवढी पत्रं लिहून उत्तर नाही, यांनीच रागानं टाकून दिलं असेल. विचारायला जीभ उचलली नाही. पत्र आलं तेव्हा कळलं. मग सांगितलं असतं, तर यांना कळलं असतं, स्वतःच्या हातानं आणून दिलं म्हणून. नातू गेलेला. त्यावर हे." त्या महालिंगप्पाकडं वळल्या. "भावजी, तुमचं नाव निघालं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. यांना वाचवायला तुम्हाला चोर होऊ दिलं. काय म्हणायचं ते म्हणा मला."

महालिंगप्पानं त्यांच्यापुढं हात जोडले.

"झबलं कुठं आहे?" कल्याणप्पांनी हळू विचारलं.

"त्याच्या अंगावर होतं." नीला दारात येऊन उभी राहिली होती. "तसंच मातीत दिलं त्याला."



नीलानं मूठ पुढं केली. मुठीत टोपडं होतं. "बाबा, यावर शिक्क्याची मधली पट्टी आहे. वरचं-खालचं उमटलं नाही, पण तारखेतला बारा दिसतो. हे पाठवा. मुदत आहे अजून. तुमचं नाव लागेल."

कल्याणप्पांनी टोपडं उजेडात धरलं. "लागू शकतं," ते म्हणाले. "शिक्का त्यांचाच, तारीख त्यांचीच. यावर त्यांना नाही म्हणता यायचं नाही."

राघवेंद्ररावांनी ते हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले. त्या सुतात कुठंतरी त्यांची सात वर्षं होती. डोळे फाडून बघितलं तरी दिसणार नव्हती. मग त्यांनी टोपडं नीलाच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"नको, नीले. तिथं गेलेलं कसं परत येतं, बघितलं ना आपण?"

"पण बाबा, पंख..."

"उडू दे दुसऱ्याच्या नावानं. पोरं पडली नाहीत म्हणजे झालं." 

मग ते उठले, महालिंगप्पासमोर गेले, त्याचा हात धरून स्वतःच्या गालाशी नेला. "मार."

महालिंगप्पानं हात सोडवून घेतला. "येडा आहेस का रे, राघू," म्हणाला, आणि त्याच तलम रुमालानं मित्राचं तोंड पुसू लागला.

सोमवारी चौकशी मिटली. साहेब फक्त "असं होय" म्हणाले. महिनाअखेर आली आणि गेली.

मुदत संपली त्या दिवशी कल्याणप्पा वरच्या ऑफिसला पत्र लिहायला बसले. दोन कागद लिहिले, दोन्ही फाडले.

"मागायचं काय, तेच कळत नाही," ते म्हणाले. "पुरावा देणार नाही. हक्क गेला. मग लिहू काय?"

बब्रुवान कोपऱ्यात गुडघा चोळत बसला होता. "अप्पा, म्या ट्रकात डांबराची पिंपं नेत हुतो. पिंपावर छाप मारला की मधलीच पट्टी उठती. पिंप गोल असतंय ना! कापड पसरून शिक्का मारला असता, तर आख्खा उमटला असता. टोपड्यावर पट्टीच हाय."

कल्याणप्पांनी मान वर केली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हंजी गुंडाळी मिटलेली असताना मारला," बब्रुवान म्हणाला. आवाज चढला होता त्याचा. "काय बी मागू नगा. एकच लिवा. दोन वर्सं ती गुंडाळी तुमच्यापाशी हुती. त्या दोन वर्सांत एकदा तरी, एका तरी माणसानं, ती उघडली हुती का? व्हय का न्हाय?"

कल्याणप्पांनी तेवढंच लिहिलं. पत्र रजिस्टरनं गेलं. पोचपावती बब्रुवानाजवळ आहे, म्हणजे पत्र तुमच्या टेबलावर आहे. कारण दाखवू नका, नियम सांगू नका, चौकशी चालू आहे म्हणू नका.

व्हय का न्हाय, तेवढं बोला.