टेबलाने पकडले नाही

शलाकाच्या पत्राला केंकरे सरांनी उत्तर दिले नव्हते. पावसाळा सरला, थंडी पडली, तरी पत्र तसेच. 'सर, पत्त्यांची मोजणी तुम्हीच आम्हाला शिकवलीत. आता मोजणाऱ्याला ओळखणारं टेबल मी बनवलंय. ते तुम्हाला तरी पकडतं का, येऊन पाहा ना,' असे तिने लिहिले होते. संख्याशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण स्वतःच्या बेरजेवर सरांचा कधी विश्वास बसला नाही. अलीकडे तर वाचलेले पानही परत वाचावे लागे. शेवटी तिला न कळवताच ते सावंतवाडीहून पणजीला आले आणि भर दुपारी मांडवीतल्या, तिचे टेबल असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर चढले.

कॅसिनोवाल्यांनी आपल्याला हाकलून द्यावे, एवढीच सरांची इच्छा होती. हाकलले म्हणजे डोके शाबूत.

"बसा आजोबा," पत्ते वाटणारी सुलक्षा म्हणाली. "एकवीसच्या वर गेलात की बुडालात, एवढं ठाऊक आहे ना?"

"एवढं आहे," सर पुटपुटले.

लहान पान दिसले की मनात एक वाढवायचा. दहा, चित्र किंवा एक्का दिसला की एक घटवायचा. बेरीज चढली म्हणजे गठ्ठ्यात मोठी पाने जास्त उरली. मग पैज वाढवायची आणि पान कधी घ्यावे याच्या ठरलेल्या नियमांनाही मुरड घालायची. टेबलही तीच बेरीज ठेवत होते. खेळणाऱ्याच्या चाली त्या बेरजेबरोबर हलू लागल्या की त्याच्यापुढचा हिरवा दिवा तांबडा होई, आणि त्याला अदबीने बाहेर नेले जाई.

सरांच्या हातात सोळा आले. सुलक्षापुढे दहा. नियम म्हणतो, पान घ्या. पण सरांची बेरीज चांगली चढली होती.

"नको," ते म्हणाले.

सुलक्षाने झाकलेले पान उलटले, आणखी एक ओढले आणि ती स्वतःच बुडाली.

"जिंकलात की हो!"

सरांनी दिव्याकडे पाहिले. हिरवा. गठ्ठा संपत आला तरी हिरवाच.

"दिवा बिघडलाय का गं?"

"छे! सकाळीच दोघांना धरलं त्यानं. का, तुम्हीही मोजताय की काय?" तिने डोळे मिचकावले.

"अधिक नऊ," सर हळूच म्हणाले.

तिने आपल्या पडद्याकडे पाहिले. चेहऱ्यावरची थट्टा ओसरली.

"आजोबा, उणे पाच आहे."

तेवढ्यात वेटरने अननसाचा रस आणून ठेवला.

"मी मागवला नाही."

"टेबलानं मागवलाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मोजताना चुकणारा शेवटी हरतोच. तुम्हाला हवं तेवढं बसू द्या म्हणतंय."

सरांनी मान वळवली. आजूबाजूला पांढऱ्या केसांची कितीतरी माणसे रसाचे पेले घेऊन रमली होती. सगळ्यांपुढे हिरवे दिवे.

किनाऱ्यावर उतरून सरांनी टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहिले:

'चि. शलाका, तुझं टेबल अचूक आहे. त्यानं मला पकडलं नाही. मी मोजत होतो, पण चुकत होतो. डॉक्टरांच्या आधी ते त्याला कळलं. ज्यांची बेरीज सुटत चालली आहे, त्यांना ते ओळखतं. मग ते सांगतं कोणाला?'

सही करून त्यांनी पाकीट चिकटवले आणि पेटीत टाकले.