येते म्हणून गेलेल्या बाई

हिमनिरीक्षण तळाच्या प्रयोगशाळेत उणे सव्वीस तापमानाचं कोणालाच अप्रूप नव्हतं. तिथला कायमचा विषय डॉ. टिपणिसांची पावलं हा होता.

"आज खांबाकडे फिरकायचं नाही, टिपणीस. नवा बर्फ पडलाय आणि उद्या माझं हेलिकॉप्टर आहे."

"बाई, तो बर्फाची जाडी मोजायचा खांब आहे. मी बर्फाची जाडी मोजतो. माझा नाइलाज आहे."

वैजयंती रिसबूड यांनी कपाळावर हात मारला. पांढरं मैदान, एक काळा खांब, बाकी काही नाही. एवढा फोटो मिळाला की त्यांच्या पुस्तकाचे बारा फोटो पुरे होणार होते. दोन हिवाळ्यांत अकरा झाले होते. बाराव्यात दर वेळी टिपणिसांचे बूट उमटलेले.

टिपणिसांनी मग टेबलाखालून एक जोडी काढली. "घ्या. खूणपुसे बूट. तुमच्या शिव्यांतून लागलेला शोध."

"काय करतात हे?"

"पाऊल पडलं की बर्फाचे कण दाबले जाऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून ठसा राहतो. पाऊल उचलताना हे बूट अतिसूक्ष्म कंपनांनी त्या कणांना सोडवून पुन्हा फुलवतात. ठसा नाही."

"मग तुमचे जुने ठसेही पुसून देतील?"

"नाही. पाच मिनिटांत कण घट्ट जोडले जातात. नंतर ब्रह्मदेव आला तरी सुटायचे नाहीत."

बाई खूश झाल्या, म्हणजे ओरडल्या नाहीत. दाराशी जाऊन सवयीनं म्हणाल्या, "येते."

दारावर दारवान होता. दारवान म्हणजे तळावरच्या आठ माणसांची ये-जा मोजणारी यंत्रणा. गेल्या वर्षी झोपमोड झालेल्या एका अस्वलानं आत शिरून बेसनाची तीन पोती संपवली, तेव्हापासून ती बसवली होती. हिशेबाबाहेरचं काही दाराशी आलं की दार तासभर बंद, आतूनसुद्धा. माणसाचे शब्द आणि बर्फावरचे ठसे दारवान ताडून बघे. दोन्ही जुळले नाहीत तर ठसे खरे. ठसेच नसले तर शब्द खरा.

बाई खांबापासून दोनशे पावलांवर पोचल्या. मागं वळून बघितलं: एकही खूण नाही. त्यांना गहिवरून आलं. बारा मिनिटांत सूर्य कड्यामागं जाणार होता, त्याआधी खांबाची लांब सावली नेमकी हवी तशी पडणार होती. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. थंडीनं बॅटरी गारठून मेलेली. दुसरी आत, शेगडीजवळच्या लोकरी मोज्यात.

चार मिनिटांत त्या दाराशी होत्या.

"उघड रे. मी वैजयंती रिसबूड."

"वैजयंती रिसबूड तीन वाजून एकतीस मिनिटांनी 'येते' म्हणून आत आल्या आहेत," दारवान म्हणाला. "आठही जण आत आहेत. आपण अस्वल असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के."

"अस्वल बोलतं का?"

"तीन टक्के त्यासाठीच सोडले आहेत."

भोंगा वाजला. कड्या पडल्या. खिडकीच्या काचेमागं टिपणीस उगवले. हातात चहा.

"टिपणीस! वर्षभर सगळे 'येते', 'येतो' म्हणूनच बाहेर जातात ना?"

"हो, पण आमचे ठसे असतात!" टिपणीस काचेतून ओरडले. "तो ठशांवरून दुरुस्त करून घेत होता. तुमच्यामागं ठसाच नाही, बाई. राहिला शब्द!"

"माझी बोटं बधिर होतायत! तासभर इथं उभी राहिले तर ती कापावी लागतील!"

"बूट बंद करा. दारापासून खांबापर्यंत चालत जा आणि परत या. त्याला पूर्ण फेरीचे ठसे लागतात; हिशेब जुळला की तासाआधीच उघडेल. जाताना मात्र 'जाते' म्हणा."

बाईंनी खांबाकडे पाहिलं. सावली मैदानभर पसरत होती. दोन हिवाळ्यांत इतकं कोरं मैदान त्यांना मिळालं नव्हतं. आणि शब्दही तो. बाई शास्त्रीय वृत्तीच्या होत्या. पण घरातून निघताना 'जाते' म्हणण्याइतकी शास्त्रीय वृत्ती त्यांच्या आईनं त्यांच्यात शिल्लक ठेवली नव्हती.

डाव्या हाताची करंगळी जाणवेनाशी झाली, तेव्हा त्यांनी बूट बंद केले.

"जाते!" त्या किंचाळल्या. "जाते, जाते, जाते! झालं समाधान?"

आणि आपल्याच फोटोतून पाय आपटत त्या खांबापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दार निमूट उघडलं.

टिपणिसांनी चहा पुढं केला. दुसऱ्या हातात त्यांचा मोबाइल होता. पडद्यावर पांढरं मैदान, काळा खांब, त्याची सावली, खांबाकडे गेलेली ठशांची एकच रेघ आणि तिच्या टोकाशी पाठमोरी एक संतापलेली बाई. बाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. वाईट म्हणण्यासारखं त्यात काही सापडेना, त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

तेवढ्यात फोन वाजला. टिपणिसांनी तो स्पीकरवर टाकला. पुण्याहून संचालक बोलत होते.

"टिपणीस, आत्ताच दारवानचा अहवाल आला. आजवर नुसते ठशांचे आकडे यायचे, आज पहिल्यांदा वाक्य आलंय. 'वैजयंती रिसबूड गेल्या.' चार वेळा आलंय हो. फार वाईट झालं."

बाईंनी तोंड उघडलं, पण चहाचा ठसका लागला.

संचालकांनी क्षणभर शांतता पाळली.

"बरं, जाण्याआधी बारावा फोटो काढला का त्यांनी?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "जाताना मी काढला."