पेल्याला फुटलेला घाम

सोमवारी तापमान अडतीस अंश होतं. गुरुवारीही अडतीसच. मग सोमवारी दोरीवर टाकलेला टॉवेल भाकऱ्या होईपर्यंत कडक वाळला आणि गुरुवारी तोच टॉवेल, तीच दोरी, तेच ऊन असूनही दुपारपर्यंत ओलसर का राहिला?

हा प्रश्न घरात फक्त केतकीला पडला. आणि तिला एकदा प्रश्न पडला, की ती कुणाला सुखानं जेवू देत नसे.

सुट्टीत ती तासगावजवळच्या गावी धनश्रीआत्याकडे आली होती. आत्यानं यंदा पहिल्यांदाच स्वतःची बेदाण्याची शेड उभारली होती. वर पत्रा, आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या, जाळ्यांवर द्राक्षं आणि चारही बाजू उघड्या, कारण द्राक्षं खरी वाळवतो तो वारा. 'बाईमाणसाला शेड झेपायची नाही' म्हणणाऱ्यांच्या हातावर हिरवागार बेदाणा ठेवायचा, असा आत्याचा हट्ट होता. पण पाऊस आत घुसला तर बेदाणा काळा पडणार. आणि पावसाच्या भीतीनं उगाच ताडपत्र्या ओढल्या तर वारा कोंडून तरीही काळाच पडणार.

शेडची राखण करायला पिंगळा होता. हा कलिंगडाएवढा, उडणारा यंत्रमानव हवामान केंद्रानं दिलेला. आता पुष्कळ शेडवर असा एक असतो.

"पिंगळ्या, टॉवेल का वाळत नाही?"

"हवेत बाष्प, म्हणजे पाण्याची वाफ, वाढलं आहे," पिंगळा म्हणाला. "हवेचं पोट आधीच भरलेलं असलं, की टॉवेलमधलं पाणी ती सावकाश घेते. शेडमधलं दमटपणा मोजणारं यंत्रही तेच दाखवतं. पण काळजी नको. ताजी द्राक्षं पसरली, की शेडची हवा दमट होतेच. म्हणून हंगामात या दमटपणाकडे दुर्लक्ष करावं, असं केंद्रानं मला शिकवलं आहे."

केतकीनं जाळीवरचं एक द्राक्ष दाबून पाहिलं. "ताजी आहेत कुठे? पार सुरकुतलीत की! मग हे बाष्प आलं कुठून?"

पिंगळ्याचे दिवे मिचमिचले. "हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारतेय ना आता!"

खरी गोम इथेच होती. ऊन लागू नये म्हणून आख्ख्या परिसरात सगळ्यांनी आपापलं यंत्र शेडच्या आत, द्राक्षांच्या शेजारी टांगलं होतं. बाहेरच्या हवेची नोंद कुणी केंद्राला पाठवतच नव्हतं!

केतकी शेडपासून दूर, रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, तापमापक बुडवला आणि बर्फाचा एकेक खडा टाकत ढवळत राहिली. पाणी एकवीस अंशांवर आलं आणि पेल्याला बाहेरून घाम फुटला.

"हा दवबिंदू," पिंगळा म्हणाला. "म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, ते तापमान. हवेत बाष्प जितकं जास्त, तितका दवबिंदू वर. सोमवारी मी उडालो, तेव्हा तो आठ अंश होता. वारा कोरड्या मुलखावरून येत होता. बुधवारपासून तो समुद्रावरून येतो आहे."

"म्हणजे एवढं पाणी हवेत आहे? मग पाऊस का पडत नाही?"

ते बघायला शुक्रवारी पिंगळा उंच गेला आणि परतला तो घाईघाईनंच. "वर गरम, कोरड्या हवेचा थर आहे. खालची हवा तापून वर जाते, पण त्या थराखाली अडते. कुकरच्या झाकणासारखं."

"आणि झाकण उडालं तर?"

"तर दमट हवा वर जाईल, थंड होईल, दवबिंदू गाठेल आणि ढग बनेल. वाफेचं पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता (हिला गुप्त उष्णता म्हणतात) मोकळी होते. तिनं ढगातली हवा गरम होऊन आणखी वर धावते. ढग स्वतःच स्वतःला वर ढकलतो. त्याचंच वादळ होतं. जमीन पुरेशी तापली, की उद्या दुपारनंतर ते होऊ शकेल. खात्री मात्र देता येणार नाही."

शनिवारी सकाळी केंद्राचा निरोप आला: आकाश निरभ्र, पाऊस नाही. ताडपत्र्यांची मोटर केंद्राच्या आदेशाशिवाय फिरत नसे. दुपारी पश्चिमेला फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग फुगू लागले.

"आत्या, झाकण फुटलं! ताडपत्र्या ओढूया!"

"केंद्र न्हाई म्हणतंय अन् तू व्हय म्हणतीस," आत्या म्हणाली. "पाऊस न्हाई आला, तर माझाच माल माझ्याच हातानं काळा करू व्हय गं?"

तरी केतकी मागे हटली नाही. "केंद्रानं शेडबाहेर बघितलेलंच नाही. मी बघितलंय."

समोरच्या शेडचे मालक भाऊसाहेब तिथूनच हसले. "ल्हान पोरीचं ऐकून कारभार करताय काय?"

आत्यानं पदर खोचला. "लोकांनी न्हाई म्हटल्यावरच शेड बांधलीया मी. आता यंत्र न्हाई म्हणतंय म्हणून गप बसू व्हय? चल गं!"

"आदेशाशिवाय..." पिंगळा कुरकुरला.

"आदेश मोटरला लागतो. मला न्हाई!"

दोघींनी दोऱ्या हातांनी ओढल्या. तळहात सोलले. शेवटची गाठ बसली आणि धुळीचा लोट उठला. तशी आत्या केतकीला घेऊन भाऊसाहेबांच्या शेडकडे पळाली. तिथे तिघांनी मिळून निम्म्या ताडपत्र्या ओढल्या, तोवर गारा कोसळू लागल्या. निम्मा माल भिजलाच.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. आत्यानं मूठभर बेदाणा उन्हात धरला. हिरवागार! तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

केतकीनं यंत्र शेडमधून काढलं, लिंबाच्या सावलीत टांगलं आणि पहिली नोंद केंद्राला पाठवली. लगेच उत्तर आलं: शेडबाहेरच्या नोंदींना मान्यता नाही.

"काय करू?" पिंगळ्यानं विचारलं.

"उद्या परत पाठव," केतकी म्हणाली. "परवा परत."

रस्त्यापलीकडून भाऊसाहेब आपलं यंत्र हातात घेऊन येत होते. "माझ्या शेडभायेरची नोंदबी धाड रं पिंगळ्या," ते म्हणाले. "किती जणांना न्हाई म्हणत्यात, बघू!"