न वाजलेली घंटा

"अरे, नाव कुठाय?"

टिटवी धक्क्याच्या मधल्या पायरीवरच थबकली. एका हातात जेवणाचा डबा, खांद्यावर लाल टॉवेल, डोक्यावर मामाची जुनी टोपी. दोन दिवस तिघांनी दुसरा विषय काढला नव्हता. नदीतल्या बेटावर जायचं, मनसोक्त डुंबायचं आणि तिथेच जेवायचं! आणि आज नावच गायब!

टिटवी अकरा वर्षांची. तिच्या तोंडाची टकळी झोपेतसुद्धा चालायची, म्हणून ती टिटवी. तिचा आठ वर्षांचा भाऊ तिची पाठ सोडत नसे, म्हणून तो शेपूट. आणि मामाचा तेरा वर्षांचा मुलगा इंजिनियर, कारण मामाच्या घरातलं एकही यंत्र त्याने धड ठेवलं नव्हतं. शिलाई मशीनसाठी तर मामीने हंबरडा फोडला होता!

"ती बघ! वळणावर, लव्हाळ्यात अडकलीय!" इंजिनियर ओरडला.

तेवढ्यात नावाडी आजोबा जेवत्या हातानेच धावत आले. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पुन्हा सुटली! चौथी वेळ ही!"

तिघांनी धपाधप पाण्यात उड्या घेतल्या. लव्हाळी हातांना ओरबाडत होती, पायाखाली चिखल पचपचत होता. शेपटाची एक चप्पल नदीने घेतली ती घेतलीच. ढकलत, ओढत, एकमेकांवर खेकसत त्यांनी नाव धक्क्याला आणली.

"आजोबा," टिटवीने दोर चाचपून पाहिला, "गाठ तर घट्ट आहे! फासासुद्धा जसाच्या तसा!"

"गाठ माझी सुटायची नाही, पोरी. फासा खुंटावरून वर निसटतो. नदी फुगली की."

टिटवीने खाली पाहिलं. सकाळी ती ज्या खुंटावर बसून पाय हलवत होती, तो आता हातभर पाण्याखाली होता!

आजोबांनी समजावून सांगितलं. टेकडीपलीकडे बंधारा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचं दार उघडून पाणी सोडतात. कधी दहाला, कधी दोनला, वेळ ठरलेली नाही. म्हणून आधी मोठी घंटा वाजवायची. घंटा ऐकली, की खालच्या खुंटावरचा फासा काढून वरच्या खुंटाला अडकवायचा. आजोबांच्या वडिलांपासून असंच चालत आलेलं.

"मग आज घंटा वाजली नाही?"

उत्तर आलं ते मागून, मामाकडून. गावच्या नावेची व्यवस्था मामाकडे होती, आणि गावातल्या सगळ्या मोठ्यांसारखा तोही आजोबांना 'बाबा' म्हणे.

"वाजली की! मी स्वतः ऐकली. बाबा, कान गेले तुमचे. उद्या नावेत माणसं असताना काही झालं तर? सोमवारपासून नवा माणूस येतोय. तुम्ही आता घरी बसून आराम करा."

"पन्नास वर्षं झाली मला या नावेवर..." आजोबा पुटपुटले. मामा मान खाली घालून निघून गेला. त्यालाही ते बोलणं जड गेलं होतं.

"मग मंगळवार-शुक्रवार नाव आधीच वर का नाही बांधत?" शेपटाने विचारलं.

"घंटा न ऐकता वर बांधायची, म्हणजे मी बहिरा झालो हे मीच कबूल करायचं की रे बाळा!" आजोबा वल्ही पुसत बसले. एकच वल्हं, पुन्हा पुन्हा.

टिटवीला राहवेना. ती वीस पावलं मागे गेली आणि अगदी हळू कुजबुजली, "शेपटाची चप्पल मगरीने खाल्ली."

"इथे मगर नाही!" आजोबा मागे न वळता म्हणाले.

टिटवीने इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियरने टिटवीकडे पाहिलं. हे कान गेलेले कान?

"मीही घंटा नाही ऐकली," शेपूट म्हणाला. त्याच्याकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी प्रथमच दिलं!

शुक्रवारी सकाळी बेत पक्का झाला. टिटवी आणि इंजिनियरने बंधाऱ्यावर जाऊन घंटा खरंच वाजते का ते पाहायचं. शेपटाने धक्क्यावर बसायचं आणि टेकडीच्या माथ्यावर नजर ठेवायची. तिथे लाल टॉवेल हलला, म्हणजे पाणी सुटलं; लगेच आजोबांना फासा वर घ्यायला लावायचा. मग वही घेऊन गावातून फिरायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, "आज घंटा ऐकलीत का?"

"मला नेहमी मागे ठेवता!" शेपूट कुरकुरला.

"अरे, सगळ्यांत अवघड काम तुझं आहे! न हलता बसायचं!" टिटवीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

दोघं नदीकाठाने निघाली. दगडी पुलाखाली टिटवीने हाक मारली, तर पुलाने ती तीनदा परत केली. मग काय, पाच मिनिटं ती आणि पूल यांचं भांडणच जुंपलं! एक बगळा कंटाळून उडून गेला. टेकडीच्या माथ्यावर दोघांनी उकडलेली अंडी आणि काकड्या फस्त केल्या. वरून नदी एखाद्या सैल सोडलेल्या रिबिनीसारखी दिसत होती, आणि धक्क्यावरचा शेपूट मुंगीएवढा. खरंच हलत नव्हता!

बंधाऱ्यापाशी ती पोहोचली, तेव्हा इंजिनियरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. घड्याळ त्याने दोनदा उघडून जोडलेलं, त्यामुळे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. राखणदारकाका लोखंडी चाक फिरवायच्या तयारीत होते. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, गाल फुगवून फुर्रर्र केली, आणि चाक फिरवायला सुरुवात!

"काका, घंटा?" टिटवी किंचाळली.

"पळ, टॉवेल!" ती इंजिनियरला म्हणाली. तो टॉवेल हिसकावून टेकडीवर सुसाट सुटला. नदीचं वळण मोठं; पाण्याला धक्क्यापर्यंत जायला पाव तास लागे, तेवढाच काय तो वेळ!

राखणदारकाकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि टिटवीला खांबाजवळ नेलं. छपराखाली मोठी पितळी घंटा टांगलेली होती. घंटेच्या डोक्यावर, आडव्या लाकडाला टेकून, बुलबुलाचं घरटं! तीन पिल्लं चोची वासून बसलेली.

"घंटा हलवली, तर घरटं थेट खाली," काका कुजबुजले. "तीन आठवडे झाले, हात लावला नाही. मी शिट्टी मारतो की!"

"पण ती टेकडीपलीकडे ऐकू येत नाही!"

"येत असणार. कुणी तक्रार केली नाही."

टिटवीने कपाळाला हात लावला. मग तिने आजोबांची सगळी हकीगत सांगितली. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्याने टोपी घातली.

"चल. मी येतो तुझ्याबरोबर."

धक्क्यावर ही गर्दी जमली होती! नाव वरच्या खुंटाला ऐटीत डुलत होती. माथ्यावरून परतलेला इंजिनियर धापा टाकत होता, आणि शेपूट वही छातीशी धरून उभा होता.

"हा काय पोरखेळ?" मामा म्हणाला. "गावभर वही घेऊन फिरतोय हा!"

"मामा, आज घंटा ऐकलीस?" टिटवीने अगदी साळसूदपणे विचारलं.

"ऐकली की! खणखणीत!"

"शेपटा, वाच."

शेपूट खाकरला. "दुकानदार, ऐकली. शिंपीकाका, ऐकली, दोनदा. पोस्टमनकाका, ऐकली, कान दुखले. मामी, ऐकली, म्हणूनच भात उतरवला. एकूण नऊ जणांनी ऐकली. नाही ऐकली, एक. नावाडी आजोबा."

"झालं तर मग!" मामा म्हणाला.

गर्दीतून राखणदारकाका पुढे आले. "कमाल आहे! तीन आठवडे मी घंटेला हातसुद्धा लावलेला नाही!"

शिंपीकाकांना अचानक जमिनीवर काहीतरी शोधावंसं वाटलं. नेहमी ऐकू येते, म्हणून आजही आली असणार, असं प्रत्येक जण धरून चालला होता!

मामा आजोबांसमोर गेला. त्याने त्यांचे हात हातात घेतले.

"चुकलो, बाबा. अख्ख्या गावात एकट्या तुमचेच कान शाबूत निघाले. नवा माणूस येणार नाही."

आजोबांनी डोळे पुसले आणि टिटवीच्या डोक्यावरची टोपी तिच्या नाकापर्यंत ओढली. "ही टकळी होती म्हणून! आणि तो टॉवेलवाला, आणि हा मुनीम!"

मामाने तिघांची पाठ थोपटली आणि शेपटाला नव्या चपला कबूल केल्या. संध्याकाळपर्यंत इंजिनियरने मामाच्या कोठारातून जाडजूड लोखंडी पट्टी शोधून काढली आणि बंधाऱ्यावर टांगली. पिल्लं उडेपर्यंत हातोड्याने ती वाजवायची. या वेळी मामाने त्याला हत्यारं आपणहून दिली!

मंगळवारी तिघं जेवणाचे डबे घेऊन नावेत बसली. बेटावर जायचं होतं, पण आजोबा निघेनात. टिटवीसुद्धा गप्प होती. चक्क दोन मिनिटं!

टेकडीपलीकडून आवाज आला. टण्ण! टण्ण! टण्ण!

आजोबा हसले. त्यांनी सावकाश फासा काढून वरच्या खुंटाला अडकवला.

"पाणी चढून ओसरू दे, मग निघू," ते म्हणाले. "तोवर बोल गं टिटवी. ऐकतोय मी."