चुकीच्या वेगातलं गाणं

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आचका देऊन थांबली, तेव्हा आत ती एकटीच होती आणि तिच्या हातातल्या ट्रेमध्ये अकरा कवळ्या होत्या.

"आत किती जण आहेत?" वरून कुणीतरी विचारलं.

"मी एकटी… आणि अकरा कवळ्या."

वर चाललेली ठोकाठोक थांबली. मग आवाज आला, "हसताहेत का त्या?"

"त्यांचं काय, त्या बारा महिने हसतात. पाचव्या मजल्यावर डॉक्टरांकडे पेशंट खोळंबलेत हो."

"दहा मिनिटं द्या. भीती वाटतेय का?"

"छे," ती म्हणाली, आणि आवाजाने नेमका तिथेच दगा दिला.

पान्याची खुडबुड करता करता वरचा माणूस शीळ घालू लागला. सावकाश, जरा उदास, पण शेवटी हळूच वर जाणारी चाल. तळमजल्यावरच्या खोलीत दिवसभर कवळ्यांसाठी मेणात दात रोवत बसणाऱ्या आपल्या हिरॉईनने वर्षभरात एकही गाणं धड ऐकलं नव्हतं. ती ट्रे सांभाळत भिंतीला टेकली आणि कान देऊन ऐकत राहिली.

"कुठलं गाणं आहे हे?"

"आवडलं?"

"नाही… आपलं वेळ जावा म्हणून विचारलं."

"मग नाही सांगणार. मनापासून आवडल्याशिवाय मी कुणाला गाण्याचा पत्ता देत नाही."

"बरं बाबा, आवडलं," ती म्हणाली. लिफ्ट हलली, दार सरकलं. आधी वंगणाने माखलेला हात दिसला, मग मिश्कील डोळे.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा तो लिफ्टवाला तिच्या टेबलाशी हजर. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्याच गाण्याची एक छोटी तबकडी त्याने प्लास्टरच्या जबड्यांमध्ये अलगद ठेवली. "भाषा मलाही कळत नाही. वर छापलेलं नावसुद्धा वाचता येत नाही. नुसता आवाज ऐका… आणि काय वाटलं ते मलाच पहिल्यांदा सांगा."

"परत कधी द्यायची?"

"घाई नाही," तो म्हणाला, आणि कारण नसताना कानापर्यंत लाल झाला.

तिच्या घरी रेकॉर्डप्लेअर होता, आईचा. आई गेल्या वर्षी गेली आणि त्यावर चादर पडली. बाबांवरही तशीच कसलीशी चादर पडली होती. वेळेवर जेवायचे, विचारलं तर "हं" म्हणायचे आणि मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसायचे. लेकीने सगळं करून पाहिलं. नंतर नंतर तीही घरात दबकत वावरायला लागली.

त्या संध्याकाळी तिने चादर काढली, तबकडी लावली. आतून एक खोल, भारदस्त पुरुषी आवाज उमटला. एकेक सूर असा सावकाश यायचा की वाटावं, कुणी वडीलधारं माणूस पाठीवर हात फिरवतंय. ती उभ्या उभ्या रडली. खूप दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

तिसऱ्या संध्याकाळी मागच्या खोलीतली खुर्ची करकरली. बाबा दारापर्यंत आले. पाचव्या संध्याकाळी ते रेकॉर्डप्लेअरशेजारी येऊन बसले. पायाचा अंगठा ठेका धरत होता.

"ऐकलंत?" लिफ्टवाल्याने विचारलं. हल्ली त्या इमारतीच्या लिफ्टला फारच वरचेवर तेल लागायला लागलं होतं.

"रोज ऐकते." तिला कितीतरी सांगायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "नीट सांगेन."

"मग रविवारीच सांगा. सगळ्यांसमोर."

सगळे म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत जमणारी, लिफ्टवाल्यासकट आठ-दहा गाणीवेडी माणसं. दर रविवारी सकाळी एकाने आपली लाडकी तबकडी आणायची. त्यांचा नियम एकच आणि कडक. आधी दोन मिनिटं बोलायचं, हे इतरांनी का ऐकावं ते सांगायचं, आणि मगच वाजवायचं. नियम मोडला तर अध्यक्षीणबाई चष्म्यावरून बघायच्या. निवृत्त मुख्याध्यापिकाच त्या, बघणं पुरेसं व्हायचं.

रविवारी ती उभी राहिली. "हे गाणारे गृहस्थ साठीच्या पुढचे असावेत," तिने सुरुवात केली. "आवाज विहिरीसारखा खोल आहे. आयुष्यात बरंच काही गमावलेला माणूस दुसऱ्याला धीर देतोय, असं वाटतं. आमच्या घरी त्यांनी…" ती खाली बसली. लिफ्टवाला गोंधळून तिच्याकडे बघत होता, पण तोवर कुणीतरी सुई टेकवली होती.

आणि आतून एक अल्लड पोरगी खिदळत, उड्या मारत गायला लागली.

खोलीत हास्याचा स्फोट झाला. "साठीचे गृहस्थ!" कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. अध्यक्षीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, "अगं, छोटी तबकडी भरभर फिरवायची असते, मोठी सावकाश. तुझं यंत्र मोठीच्या वेगावर राहिलं असणार." तिला आठवलं, वेग बदलायची खुंटी आईच्याच हातून तुटली होती. आई फक्त मोठ्या तबकड्या ऐकायची, म्हणून कधी दुरुस्त केली नाही.

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. लोक हसले त्याचं तिला एवढं काही नव्हतं. पण बाबांना खोलीबाहेर काढणारा तो आवाज जगात नव्हताच. हे कळल्यावर ते पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले तर? ती पर्स उचलून निघाली ती थेट घरी.

दुपारी दार वाजलं. बाहेर लिफ्टवाला, काखेत तबकडी, धापा टाकत. सहा जिने चढून आला होता.

"लिफ्ट नाही का घेतलीत?"

"बंद आहे. आज दुरुस्त करणार नाही." त्याने नजर खाली वळवली. "मी हसलो नाही. एवढं सांगायला आलो… आणि तुमच्या यंत्रावर ऐकायला. तुम्ही ऐकलंत तसं."

बाबा रेकॉर्डप्लेअरशेजारी येऊन बसले होते. तिने सुई टेकवली. तो खोल आवाज उमटला, आणि लिफ्टवाला तिने दिलेला पाण्याचा पेला तसाच धरून बसला.

"हे गाणं मला बारा वर्षं पाठ आहे," गाणं संपल्यावर तो हळू म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही घाबरलात म्हणून शीळ सावकाश घातली. तशीच सावकाश ही तबकडी तुमच्याकडे… पण खरं ऐकलं मात्र आज पहिल्यांदा. आभारी आहे तुमचा."

"तुम्ही कसले आभार मानताय?" तिचे डोळे भरून आले. "वर्षभर या घरात कुणी… तुमच्यामुळे बाबा…" त्याने तिच्या हाताशेजारी हात ठेवला, स्पर्श होईल न होईल इतक्या अंतरावर.

"आभार मानायचेच असतील तर एकदम नका मानू. रोज थोडे थोडे माना. मी येत जाईन… म्हणजे, तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. कवळ्यांसकट."

"पत्ता देताय वाटतं?"

"मनापासून आवडलं की देतो."

तिने ते उरलेलं बोटभर अंतर स्वतःच संपवलं. "मलाही," ती म्हणाली.

तबकडी केव्हाची संपली होती. सुई रिकामीच खरखरत होती, आणि ती उचलायचं दोघांपैकी कुणालाच सुचत नव्हतं.

"अरे, कुणीतरी दुसरी बाजू लावा," बाबा म्हणाले. "आणि ती खुंटी दुरुस्त करू नका. तुझ्या आईने बरोबर जागी तोडलीय."